शोभणे

2023 च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. मावशीला साडी घ्यायची म्हणून तिला घेऊन मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो होतो. मावशी तेव्हा एक्याऐंशी वर्षांची होती. आम्ही गादीवर टेकतो न टेकतो तोच समोरच्या माणसाने मावशीकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता साड्या उलगडायला सुरुवात केली. मोतिया, बदामी, राखाडी, फिकट शेवाळी, पुन्हा एक राखाडी. मावशी गुडघ्यावर हात ठेवून बघत होती. मग तिने मान वर केली, वरच्या फळीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, "ती गुलबक्षी काढा बरं."

तो माणूस हसला. कुत्सितपणे हसला असे मी म्हणणार नाही. लहान मुलाने चंद्र मागितला की मोठी माणसे हसतात तसा हसला. आणि त्याच्या मदतीला मी धावलो. "मावशी, अगं, वयाला शोभेल असं काहीतरी घेऊ या ना!"

मावशीने हात खाली घेतला आणि बदामी साडी बांधून घेतली. येताना आम्ही कॉफी प्यायलो, ती नेहमीसारखी बोलली, रागावल्याची कसलीही खूण नव्हती. परंतु त्या साडीची घडी तिने मोडली नाही. दिवाळीला नाही, पाडव्याला नाही, नातीच्या साखरपुड्यालाही नाही.

यात मी काही मोठा अपराध केला असे कोणी म्हणणार नाही. मीही पुष्कळ दिवस म्हटले नव्हते. पण ते वाक्य बुटात गेलेल्या खड्यासारखे टोचत राहिले, आणि त्यातही तो 'शोभेल' हा शब्द.

'शोभणे' हे मोठे विलक्षण क्रियापद आहे. एखादा रंग मला आवडतो असे म्हटले की त्या वाक्यात मी असतो आणि रंग असतो. तोच रंग मला शोभतो म्हटले की तिसरा कोणीतरी येऊन दाराशी उभा राहतो. बघणारा. त्याला नाव नाही, पत्ता नाही. आपण त्याला मोघमपणे 'लोक' म्हणतो. बरे, हे क्रियापद कपड्यांपुरते राहते असेही नाही. खोटे बोलणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, 'हे तुला शोभत नाही'. आणि नवरा गेलेल्या बाईने केसांत अबोलीचा गजरा माळला तर तिलाही तेच म्हणतो. खोटे बोलणे आणि गजरा माळणे ही दोन्ही कृत्ये एकाच फडताळात ठेवणारा हा शब्द आहे, आणि आपण तो दिवसातून दहा वेळा निर्धास्तपणे वापरतो.

पुढच्याच वर्षी, 1 मार्च 2024 रोजी, अमेरिकेत आयरिस अ‍ॅपफेल नावाची एक बाई वारली. वारली तेव्हा ती 102 वर्षांची होती. माझ्या पुतणीने तिच्यावरचा एक माहितीपट मला दाखवला. अल्बर्ट मेझल्स या नामवंत दिग्दर्शकाने तो 2014 मध्ये केला होता, तेव्हा तोही ऐंशीच्या उंबरठ्याच्या पुष्कळ पलीकडे होता. पडद्यावर आली ती काडीसारखी बारीक, पांढऱ्या केसांची म्हातारी. डोळ्यांवर बशीएवढा गोल, काळ्या जाड कडेचा चष्मा. गळ्यात माळांवर माळा, त्यातले काही मणी लिंबाएवढे. मनगटापासून कोपरापर्यंत कडी आणि बांगड्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. ओठ लालभडक. माझ्या तोंडून निघून गेले, "गौरीचा मुखवटाच उभा केलाय!" पुतणी म्हणाली, "काका, गौरीला तुम्ही हात जोडता." मी गप्प बसलो.

या बाईची हकिगत ऐकण्यासारखी आहे. 1921 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तिचा जन्म झाला. वडिलांचा काचेचा आणि आरशांचा धंदा, आईचे कपड्यांचे दुकान. दिसायला ती सुंदर नव्हती, आणि हे तिला लपवावेसे वाटत नसे. तरुणपणी एका दुकानाच्या मालकिणीने तिला तोंडावर सांगितले होते की तू देखणी नाहीस, होणारही नाहीस, पण तुझ्यापाशी स्वतःची अशी ढब आहे. दुसरी एखादी मुलगी या वाक्यातल्या पहिल्या अर्ध्याने रडली असती; हिने दुसरा अर्धा जन्मभर जपला. पुढे 1948 मध्ये तिने कार्ल अ‍ॅपफेलशी लग्न केले आणि दोघांनी मिळून जुन्या विणीची कापडे पुन्हा विणून देण्याची कंपनी काढली. सतराव्या-अठराव्या शतकातल्या एखाद्या पडद्याचा, खुर्चीच्या गादीचा तुकडा हाती यायचा. त्याचा धागा, रंग, वीण ओळखून तसेच नवे कापड कुठल्या गावचा विणकर विणू शकेल ते शोधायचे. हे काम इतके नेमके होते, की ट्रूमनपासून क्लिंटनपर्यंत नऊ राष्ट्राध्यक्षांच्या काळात व्हाइट हाउसच्या सजावटीसाठी या जोडप्याला बोलावणे आले. या निमित्ताने देशोदेशी हिंडताना ती बाजारांतून, जुन्यापुराण्या वस्तूंच्या टपऱ्यांतून कडी, माळा, झगे गोळा करी. पॅरिसच्या नामांकित शिंप्याचा कोट आणि त्यावर चार डॉलरची प्लास्टिकची बांगडी, अशी तिची जोडणी असे.

तिला प्रसिद्धी मिळाली ती मात्र वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे एक ठरलेले प्रदर्शन बारगळले, जागा रिकामी राहणार असे दिसले, आणि तिथल्या लोकांना या बाईच्या दागिन्यांची आठवण झाली. दागिन्यांबरोबर कपडे मागितले, एकेक कपाट उघडत गेले, आणि शेवटी सबंध प्रदर्शन तिच्याच पोशाखांचे झाले. ती राणी नव्हती, नटी नव्हती, कपडे बेतणारी प्रसिद्ध शिंपीणही नव्हती. तिने काय नेसले आणि कशावर काय घातले, एवढेच तिथे मांडलेले होते. लोक ते पाहायला रांगा लावून आले. पुढे सत्त्याण्णवाव्या वर्षी तिला मॉडेल म्हणून एका मोठ्या संस्थेने करारबद्ध केले.

हे सारे ऐकून आमच्या घरात जो वाद झाला तो कोणत्याही मराठी घरात होईल तसाच झाला. माझ्या पत्नीचे म्हणणे असे, की पैसा असला की सगळे सुचते; चाळीत राहणाऱ्या बाईने कोपरापर्यंत बांगड्या घातल्या तर तिला कोणी संग्रहालयात बोलावणार नाही, डॉक्टरकडे नेतील. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? माझा आक्षेप वेगळा होता. मला वाटत होते, की ही सारी शेवटी आत्मपूजा आहे. लोकांनी बघावे म्हणून रंग अंगावर घेणारी बाई, आणि लोकांनी बघू नये म्हणून राखाडी नेसणारी बाई, दोघींच्याही आरशात लोकच उभे आहेत. मग पहिलीला स्वतंत्र म्हणायचे ते कशासाठी?

हा आक्षेप मला माझ्याच अनुभवाने सुचला होता. कॉलेजात असताना आम्ही काही मित्र फार बंडखोर होतो. आईवडिलांनी शिवलेल्या शर्ट-पँटी आम्ही टाकून दिल्या आणि खादीचा चुरगळलेला झब्बा, खांद्याला शबनम, पायांत कोल्हापुरी आणि हनुवटीवर जमेल तेवढी दाढी असा वेश घेतला. प्रत्येकाची अशी समजूत होती की आपण चारचौघांसारखे नाही. परवा त्या काळचा एक सामूहिक फोटो सापडला. सतरा जण आहेत, आणि त्यातला मी कुठला हे माझ्या बायकोला ओळखता आले नाही.

आणि हे काही आमच्याच पिढीचे नाही. इंग्लंडात ब्यू ब्रमेल नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्म 1778 चा. सरदार घराण्यातला नव्हे, परंतु पोशाखाच्या जोरावर युवराजाचा मित्र झाला. त्या काळी बड्या लोकांच्या अंगावर रेशीम, जर, भुकटी लावलेले केशटोप असत. याने ते सगळे नाकारले. गडद रंगाचा, अंगाला नीट बसणारा कोट, स्वच्छ धुतलेले पांढरे कापड, आणि गळ्याशी बांधलेला टाय. तो बांधण्यात मात्र सकाळचा बराच वेळ जाई. त्याचे बंड साधेपणाचे होते. 1816 मध्ये कर्जापायी तो फ्रान्सला पळाला आणि 1840 मध्ये काँ शहरी वेड्यांच्या आश्रयस्थानात मेला. त्याच्या त्या एकट्याच्या हट्टाचे पुढे काय झाले? तो जगभरच्या कारकुनांचा गणवेश झाला! आज तर हे चक्र आठवड्याच्या आत फिरते. एखादी मुलगी काहीतरी आपल्या मनाचे घालून आपला फोटो जगाला दाखवते, आणि पुढच्या शनिवारी त्याची स्वस्त नक्कल तुळशीबागेत टांगलेली असते.

म्हणजे वेगळे दिसणे ही फार टिकाऊ वस्तू नव्हे. एवढ्यावरच जर अ‍ॅपफेलबाईंचे मोठेपण उभे असेल, तर माझा आक्षेप खरा ठरला. पण त्या प्रदर्शनाची तारीख मी पुन्हा मोजली. 2005. त्याआधीची पन्नास-साठ वर्षे तिला कोण बघत होते? धंद्यातली माणसे, शेजारी, नवरा. त्यांच्यातले कितीतरी हसलेही असतील. तरी ती तशीच नेसत होती. तिने स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. चाळीसच्या दशकात, विस्कॉन्सिनला शिकत असताना, तिला जीनची विजार हवीशी झाली. ती त्या काळी मजुरांनी घालायची. दुकानदार म्हणाला, बायकांना आम्ही विकत नाही, आणि तुमच्या मापाची नाहीही. ती पुन्हा गेली, पुन्हा गेली; शेवटी कंटाळून त्याने मुलग्यांच्या मापाची एक मागवून दिली. त्या दुकानदारात आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या माझ्या त्या माणसात मला फारसा फरक दिसत नाही. फरक एवढाच, की तिच्यासोबत 'शोभेल असं घे' म्हणणारा भाचा नव्हता.

मला वाटते, कसोटी लागते ती इथे. बघणारा असताना काय नेसले ते सोडून द्या. बघणारा नाराज असताना काय नेसले?

या कसोटीला पैसा लागत नाही. आपल्याच मातीतले एक उदाहरण माझ्या पत्नीला मी दिले आणि तेवढ्यापुरती ती गप्प झाली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि डोक्यावर खापराचे गाडगे; तेच जेवायचे ताट. त्या गाडग्यानेच त्यांना नाव दिले. इतका स्वतःचा, इतका विचारपूर्वक बेतलेला पोशाख गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी घातला असेल असे मला वाटत नाही. गाडगेबाबा दरिद्री होते म्हणून तसे राहत होते असे समजणे भाबडेपणाचे आहे. त्यांच्या शब्दावर लाखो रुपये जमत, धर्मशाळा उभ्या राहत, आणि अंगावर चिंध्या त्याच. दारात आलेल्या चिंध्यांना जो हाकलतो त्याची खरी किंमत बाबांना तिथल्या तिथे कळत असे. म्हणजे तो पोशाख लोकांना दाखवण्यासाठी नव्हता असे नाही. पण बघणाऱ्याने त्याची परीक्षा घ्यायची नव्हती, त्या पोशाखाने बघणाऱ्याची घ्यायची होती.

मात्र चिंध्या निवडणे आणि चिंध्या वाट्याला येणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे विसरून चालणार नाही. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरेला गांधीजींनी सदरा-टोपी टाकून पंचा नेसला. त्यानंतर सहा वर्षांनी, डिसेंबर 1927 मध्ये महाडला, मनुस्मृती जाळली गेली त्याच परिषदेच्या वेळी, डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना नेमके उलटे सांगितले. आखूड नेसलेले लुगडे आणि हातापायांतले ते जड, ओबडधोबड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका, इतर बायका नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा. आणि ते स्वतः सुटाबुटात राहिले. ब्रमेलच्या कोटाचा हा वंशज लंडनच्या रस्त्यावर कारकुनाचा गणवेश होता, पण ज्याच्या जातीला अंगभर चांगले कपडे घालण्याची मनाई होती त्याच्या अंगावर तोच कोट एक घोषणा झाला. एकाने अंगावरचे उतरवले आणि दुसऱ्याने अंगावर चढवले. मला विचाराल तर दुसऱ्याला धोका अधिक होता. उतरवणाऱ्याचे लोक पाय धरतात, चढवणाऱ्याच्या अंगावर धावून येतात.

म्हणून 'कपड्यांत काय आहे?' असे म्हणणारा माणूस भेटला की मी आधी त्याचे कपडे बघतो. बहुधा ते चांगले असतात.

आता पुन्हा मावशीकडे येतो, कारण हे सारे मी तिच्यापासून पळण्यासाठी लिहीत होतो की काय असा मला संशय येऊ लागला आहे. तिचे यजमान गेले तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. आमचे घर सुधारकी. विधवेने केस काढून लाल आलवणात बसायचे दिवस पणजीच्या पिढीबरोबर संपले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून, विधवांचे केस कापणार नाही असे ठरवले, ही गोष्ट तर माझे वडील डोळ्यांत पाणी आणून सांगत. शास्त्री-पंडितांचे जे काम होते ते वस्तरा धरणाऱ्यांनी केले, असे ते म्हणत. तर अशा आमच्या घरात मावशीला कोणी काही सांगितले नाही. टिकली काढ म्हणाले नाही, बांगड्या फोड म्हणाले नाही. फक्त त्या वर्षीच्या दिवाळीत तिला भेट आली ती फिकट आकाशी साडी. पुढच्या वर्षी मोतिया. हळदीकुंकवाला शेजारच्या बायकांनी बोलावले नाही, तेव्हा आम्ही म्हणालो, जाऊ दे, मागासलेली माणसे. टिकली आधी बारीक झाली, मग तपकिरी झाली, मग एका सकाळी नव्हती. एकेक रंग असा निघून गेला, की कोणत्या दिवशी कोणता गेला हे आमच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. केशवपनाच्या वेळी निदान वस्तरा दिसत असे.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांना हेरवाडचे उदाहरण घ्यायला सांगितले. वर्तमानपत्रात ते वाचून मी मोठ्याने म्हणालो होतो, "शाबास!" मावशी शेजारी भाजी निवडीत होती. तिने नुसते माझ्याकडे पाहिले होते. त्या पाहण्याचा अर्थ तेव्हा मी लावला नव्हता. दीड वर्षाने त्याच तोंडाने मी तिला दुकानात बदामी साडी सुचवली.

मराठीत दुसरेही एक क्रियापद आहे: खुलणे. 'हा रंग तिला खुलतो.' हे म्हणायलाही बघणारा लागतो, पण तो परवानगी द्यायला उभा नसतो. त्याला आपोआप काहीतरी चांगले दिसलेले असते. पडद्यावर अ‍ॅपफेलबाई नवऱ्याच्या शंभराव्या वाढदिवसाचा केक कापताना दिसतात. त्यांच्या अंगावरचे ते सारे भडक रंग मला सुरुवातीला डोळ्यांत खुपले होते, आणि तासाभराने खुपेनासे झाले. सवय झाली म्हणा. पण ज्या रंगांची सवय व्हायला एक तास पुरतो, ते बघायचे नाहीत म्हणून आपण एकेका बाईची तीस-तीस वर्षे घेतो, हा हिशेब काही केल्या जुळत नाही.

यंदा मी ठरवूनच मावशीला दुकानात घेऊन गेलो. दुकान तेच, गादी तीच. माणूस मात्र दुसरा, तरुण होता. त्यानेही मावशीकडे पाहिले आणि मोतियाकडे हात नेला. मी त्याला थांबवले आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो, "गुलबक्षी दाखवा. डाळिंबी दाखवा. चिंतामणी असेल तर ती दाखवा!" आजूबाजूच्या चार बायकांनी वळून पाहिले. मला फार बरे वाटत होते.

साड्या पडल्या. रंगांचा ढीग झाला. मावशी काही बोलेना. मी म्हणालो, "घे ना मावशी. गुलबक्षी घे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

"लोकांचं राहू दे," मावशी म्हणाली. "मागल्या वेळी तुला लाज वाटत होती म्हणून मी बदामी घेतली. आता तुला हुरूप आलाय म्हणून मी गुलबक्षी नेसू होय रे?"

तो तरुण मान खाली घालून साडीची किनार सरळ करू लागला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

मग तिने पिशवीतून चष्म्याचे घर काढले, चष्मा पदराने पुसला आणि लावला. "तू जरा बाहेर जाऊन कॉफी पिऊन ये," ती म्हणाली, आणि त्या मुलाकडे वळली. "हं, आता एकेक दाखवा. सगळ्या. त्या मोतियासुद्धा. मला घाई नाही."

मी बाहेर येऊन पायरीवर उभा राहिलो. तास झाला असेल. काचेतून दिसत होते, की मावशीच्या खांद्यावर एकामागून एक साडी पडत होती, आणि ती आरशात बघत होती.